चौदा नंबरचा अंगठा

मित्रांनो, माझ्या झाकणावर गंज चढला आहे आणि पोटातली शाई वाळून तिची जांभळी भुकटी झाली आहे, तेव्हा मला जुना म्हणायला तुमची काही हरकत नसावी. मी शाईचा पॅड आहे. अंगठा आधी माझ्यावर टेकवायचा आणि मग कागदावर, तो पॅड. ज्यांना सही येते ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण ज्यांना येत नाही त्यांचे सगळे व्यवहार माझ्या अंगावरून गेले आहेत. त्या अनुभवावरून एक सांगतो. माणसे नाव बदलतात, घर बदलतात, वेळ पडली तर साक्षही बदलतात. अंगठा बदललेला मी अजून पाहिलेला नाही.

पत्र्याची डबी, आत शाई पिणारा नमद्याचा तुकडा, वर मलमलीचा कपडा, एवढाच माझा देह. इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक दुकानात मी दोन वर्षे धूळ खात पडलो होतो. मध्य भारत राज्य झाले त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे सत्तेचाळीस साली, द्वारकाबाईंनी मला उचलले, उलटेपालटे केले आणि झाकण दाबून पाहिले.

"साडेसहा आणे? याचं झाकण तर बसत नाही."

"बाईजी, बैठता तो आठ लेता," दुकानदार म्हणाला.

"मग न बसण्याचे पाच."

पाच आण्यांत मी रामबागेत आलो. झाकण मात्र कधीच नीट बसले नाही. हा दोष लक्षात ठेवा, कारण पुढे तोच कामाला आला.

द्वारकाबाई पन्नाशीच्या, विधवा. यजमान होळकरांच्या तहसिलीत कारकून होते. ते गेल्यावर बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे बचत मंडळ काढले. कोणी महिन्याला रुपया टाकी, कोणी आठ आणे, आणि अडीनडीला व्याजाने उचल घेई. बसून राहणे बाईंच्या स्वभावात नव्हते. हिशेब जुळेपर्यंत त्यांची बोटे माझ्या झाकणावर टकटक वाजत राहत, आणि जुळल्यावरही थोडा वेळ वाजतच.

पहिल्याच महिन्यात आनंदीबाई आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या. त्यांचे यजमान दौलतराव म्हणजे संस्थानच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात भाजीच्या पैशांतली पै राहिली तरी तिची चौकशी करणारे.

"नाव काय लिहू?" द्वारकाबाईंनी विचारले.

"आनंदी नको. ते यांनी ठेवलेलं नाव. यांच्या नजरेला लगेच पडेल."

"मग?"

आनंदीबाई जरा थांबल्या. पुष्कळ वर्षे न उघडलेल्या पेटीची किल्ली शोधावी तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "शारदा. शारदा श्रीपाद, देपालपूर."

द्वारकाबाईंना हसू आवरेना. "नाव शारदा, आणि सही अंगठ्याची?"

"सरस्वती आमच्या गल्लीतून गेली हो. नेमकं आमचंच दार लोटलेलं होतं."

आणि त्यांचा उजवा अंगठा माझ्यावर टेकला. त्या अंगठ्याच्या मधोमध विळीने कापल्याची आडवी खूण होती, शेतातून पायवाट जावी तशी. खाते क्रमांक चौदा. तो स्पर्श मी आजही ओळखीन.

मित्रांनो, हे नावाचे कोडे तुम्हाला उलगडून सांगायला हवे. त्या काळी लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलत. नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिही, आणि त्या घडीपासून जुने नाव बंद होई. बंद झालेल्या खात्यासारखे. त्याची चौकशी करायला कोणी येत नसे. आनंदीबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि वडील श्रीपाद आधीच वारलेले होते. कन्यादान काकांनी केले. शारदा या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याला आता तेहेतीस वर्षे झाली होती.

ही युक्ती एकीकडून दुसरीकडे गेली आणि बघता बघता एकतीस जणींनी आपापली माहेरची नावे वहीत घातली. नाव, वडिलांचे नाव, माहेरचे गाव, बस. द्वारकाबाईंनी प्रत्येकीला एकच शब्द दिला, "हे नाव या खोलीबाहेर जायचं नाही." पैसे भरायला निघताना घरी सांगायचे, "खजरान्याला गणपतीला जाऊन येते." रामबागेतल्या बायका खजरान्याला गेल्या असे जितक्यांदा सांगितले गेले, तितक्यांदा त्या खरेच गेल्या असत्या तर टांगेवाल्यांनी माड्या बांधल्या असत्या.

सात वर्षे असे सुखाने चालले. मग नवीन राज्यात मंडळाची नोंदणी करायची ठरली, नोंदणीसाठी हिशेबतपासणी हवी, आणि फुकट तपासणी करून देणारे इमानदार गृहस्थ रामबागेत एकच होते. दौलतराव. ते चष्मा पुसून आले, तीन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"या एकतीस बाया कोण?"

"सभासद."

"कुठं असतात?"

"आपापल्या घरी."

"द्वारकाबाई, मी थट्टा करत नाही."

"मीही नाही. पण याहून जास्त सांगता येणार नाही."

दौलतराव माणूस वाईट नव्हते. नुसते बरोबर होते, आणि बरोबर माणसाइतका त्रास दुसऱ्या कोणाचा होत नाही. ते बसने महू, हातोद, देपालपूर असे फिरले. गावोगाव शारदा श्रीपाद, रमा गणेश, बेबी केशव अशी नावे पुकारली. चाळीस वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या पोरी गावात कशाला सापडतात? त्यांनी प्रत्येक खात्यापुढे तांबड्या शाईने लिहिले, 'शोध केला. आढळ नाही.' चौदा नंबरपुढेही तेच लिहिले. देपालपूरचे जाण्यायेण्याचे भाडे एक रुपया दोन आणे, तेही खर्चात लावले. मग त्या खात्यांतून सात वर्षांत उचललेल्या रकमांची बेरीज केली. सहा हजार तीनशे चाळीस. नसलेल्या बायकांनी एवढे पैसे नेले, म्हणजे कोणी नेले?

फिर्याद झाली. विश्वासघात, खोटी खाती, खोटे अंगठे. एप्रिलच्या उन्हात पोलीस आले. द्वारकाबाईंना त्यांनी नेले, वह्यांना नेले आणि मलाही. मला कापडी पिशवीत घालून वर लाखेची मोहोर केली. आता मी पॅड राहिलो नव्हतो. मी मुद्देमाल होतो.

ते दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. न बसणाऱ्या झाकणातून माझी शाई घटकेघटकेला उडत होती. एकतीसही जणी कोण आहेत हे जगात दोघांनाच ठाऊक होते. त्यांतली एक कोठडीत होती आणि बोलणार नव्हती. दुसरा मी. आणि मला बोलता येत नाही, नुसते डाग पाडता येतात.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्हाला दोघांनाही कोर्टात आणले. मॅजिस्ट्रेटसाहेब हिंदी बोलणारे, कमी बोलणारे. सरकारी वकील जयसिंगराव भरदार मिशांचे. द्वारकाबाईंच्या बाजूने अच्युत वकील. वकिली त्यांची नवी होती, कोटाची बाही आखूड होती, पण कायद्याची पोथी पाठ होती.

"या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे जामीन सहसा मिळत नाही," अच्युत वकील म्हणाले. "पण कायद्यातच पुढे लिहिलं आहे की सोळा वर्षांखालचा कोणी असेल, आजारी असेल किंवा कोणतीही स्त्री असेल, तर कोर्ट जामिनावर सोडू शकतं."

जयसिंगराव उठले. ते कोर्टात हिंदीत सुरू करत आणि रंगात आले की मराठीवर येत. "हुजूर, तिजोरी की चाबी कमर में खोसते वक़्त ये अबला नहीं थीं. सात वर्षं कारभार केला, व्याज लावलं, बाप्या माणसांना दारातून परत पाठवलं. आणि आता आत जायची वेळ आली, तर एकदम बिचारी बाई?"

कोर्टात खसखस पिकली. खरे सांगतो मित्रांनो, बोलणे बिनतोड होते. द्वारकाबाईंनाही ते पटलेले दिसले, कारण त्यांनी मान डोलावली.

अच्युत वकिलांनी घाम पुसला. "कायद्यात 'कोणतीही स्त्री' असं आहे साहेब. 'कोणतीही गरीब, भोळी, अडाणी स्त्री' असं लिहायला कायदा करणाऱ्यांना कोणी मना केलं नव्हतं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी द्वारकाबाईंकडे पाहिले. "ये इकतीस औरतें हैं?"

"हैं साहेब."

"तो नाम बताइए."

"नावं वहीत आहेत. कोण आहेत ते सांगणार नाही."

मधल्या सुटीत अच्युत वकील टेबलाशी, माझ्या पिशवीजवळच, बाईंपुढे काकुळतीला आले. "द्वारकाकाकू, एक तर नाव सांगा. एक बाई उभी राहिली तरी खटल्याची हवा जाईल. नाहीतर तुरुंगात बसाल, निकाल लागेपर्यंत. चार महिने, सहा महिने, काही सांगता येत नाही."

"एकेका नावामागे एकेक घर आहे, अच्युतराव. नाव फुटलं की त्या घरात रोज सकाळी चहाबरोबर हिशेब मागतील."

"मग बाई म्हणूनच जामीन मागावा लागेल."

"मागा. पण मला ते आवडलेलं नाही म्हणून कागदावर लिहा. हिशेब ठेवला तो काय बाप्या होऊन ठेवला?" आणि त्यांची बोटे पिशवीवरून माझ्या झाकणावर टकटक वाजू लागली. आज हिशेब जुळलेला होता, तरी बोटे थांबत नव्हती.

दीड वाजता हुकूम झाला. "क़ानून औरत को छोड़ने की इजाज़त देता है, सवालों से छुट्टी नहीं देता. दो हज़ार की ज़मानत. एक जामिनदार, जिसकी जायदाद ख़ुद के नाम हो. चार बजे तक."

जामीन मिळाला, पण जामीनदार कुठे होता? अच्युत वकील सायकलवरून रामबागेत गेले आणि दारोदार विचारत फिरले. एकाला अचानक दमा लागला. दुसऱ्याच्या घराचे कागद सापडेनात. द्वारकाबाईंच्या सख्ख्या दिरांच्या घरून निरोप आला की ते खजरान्याला गेले आहेत. खरेच गेले होते की रामबागेच्या अर्थाने गेले होते, ते गणपतीलाच माहीत.

तीन वाजले. सव्वातीन झाले. भिंतीवरचे घड्याळ पुढे जात होते आणि माझी शाई मागे सरत होती. दौलतराव पहिल्या बाकावर ताठ बसले होते. पोलिसाने द्वारकाबाईंना म्हटले, "बाईजी, चलने की तैयारी रखो."

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. डोक्यावरचा पदर सावरत आनंदीबाई आत आल्या. हातातल्या कागदाला तुरीच्या डाळीची पूड लागलेली होती.

दौलतराव अर्धवट उठले. "तू इथं कशी?"

"टांग्यानं."

त्या सरळ पेशकाराच्या, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाच्या, टेबलापाशी गेल्या आणि कागद ठेवला. काकांनी मरताना नावावर करून दिलेली देपालपूरची चार बिघे जमीन. हा कागद दोन वर्षे डाळीच्या डब्यात होता. "जामिनाला जमीन चालते ना?" त्यांनी विचारले.

"चलती है बाईजी. नाम?"

"कोणतं पाहिजे?"

पेशकाराने मान वर केली. "जो काग़ज़ पर है."

"शारदा श्रीपाद."

आरोपीच्या कठड्यातून द्वारकाबाई म्हणाल्या, "आनंदीबाई, घरी जा. मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"तुम्ही नाही घेतलंत. मी माझं घेतेय."

जयसिंगराव कसले सोडतात. "हुजूर, हेच ते. बाई आनंदीबाई, कागद शारदाचा. बनावट नावांचा धंदा भर कोर्टात चालला आहे."

साहेबांनी दौलतरावांना विचारले, "आप इन्हें पहचानते हैं?"

"माझी पत्नी आहे. आनंदी."

"शादी से पहले का नाम?"

दौलतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चाळीस वर्षांपूर्वी तांदळात आनंदी हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्या तांदळाखाली काय होते, ते त्यांना आठवत नव्हते. पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या वहीत हे पानच नव्हते.

"अँगूठा लीजिए," साहेब म्हणाले. "खाते की किताब निकालो, मिलाकर देखते हैं."

पेशकाराचा पॅड शाईने इतका थबथबलेला की कागदावर नुसता काळा पेढा उमटला. पुन्हा घेतला, पुन्हा पेढा. साहेब वैतागले. मग दोन्ही वकिलांसमोर माझी मोहोर फोडली.

झाकण उघडले तेव्हा मी जवळजवळ कोरडा होतो. पेशकार म्हणाला, "ये तो सूख गया, भिया." आनंदीबाईंनी मला जवळ ओढले, तोंडाची वाफ दिली, एकदा, दोनदा, आणि अंगठा टेकवला. विळीची ती आडवी खूण माझ्या मलमलीला लागली. सात वर्षांत मी कोणाला इतके घट्ट धरले नव्हते.

मित्रांनो, ओला पॅड फासतो. किंचित वाळलेला पॅड रेघन्‌रेघ उमटवतो. न बसणाऱ्या झाकणाने माझी शाई उडवली होती, आणि म्हणूनच कागदावर तो अंगठा असा स्वच्छ उमटला की त्यातली पायवाट शेवटच्या बाकावरूनही दिसावी. शेजारी चौदा नंबरचे पान उघडले. सात वर्षांचे अंगठे, प्रत्येकाच्या मधोमध तीच पायवाट. ते ताडून पाहायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

"ऑडिट में यहाँ क्या लिखा है?" साहेबांनी विचारले. "पढ़िए."

दौलतरावांनी स्वतःचेच अक्षर वाचले. "शोध केला. आढळ नाही."

मग त्यांची नजर सवयीने खाली रकमांवर गेली. "एकोणपन्नास साल, श्रावण. एकशे ऐंशी रुपये उचल." त्यांचा आवाज उतरला. त्या वर्षी संस्थान विलीन झाल्यावर त्यांच्या पेन्शनचे कागद इंदूर आणि ग्वाल्हेरमध्ये फिरत होते, आणि ते स्वतः विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. "तेव्हा तर तुझ्या चुलतभावानं पैसे पाठवले होते."

"त्या भावाला एकशे ऐंशी रुपये एका जागी कधी दिसले आहेत का?" आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांचे एकशे बारा. बाकीची मोसंबी आणि दूध. तुम्ही म्हणत होतात, मोसंबी गोड आहेत."

चार वाजायला दहा मिनिटे असताना जामीनपत्रावर अंगठा उठला. बाहेर पडताना द्वारकाबाई माझ्यापाशी क्षणभर थांबल्या, झाकण दाबले, आणि नेहमीप्रमाणे ते बसले नाही. "पाच आण्यांना महाग नव्हता," त्या म्हणाल्या.

जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला पुढे दीड वर्ष चालला आणि मी कोर्टाच्या कोठारात पडून होतो. तारखेला मला टेबलावर आणत तेव्हा कळे की आणखी एक जण आली, कधी दोघी आल्या, आणि माहेरचे नाव सांगून अंगठा देऊन गेल्या. काहींच्या घरी महिनाभर अबोला झाला. एकीला तर माहेरीच पाठवले. एकतिसांपैकी बावीस आल्या. नऊ आल्या नाहीत. द्वारकाबाईंनी त्यांची नावे शेवटपर्यंत सांगितली नाहीत, आणि मीही सांगणार नाही. बावीस अंगठ्यांपुढे सरकारने खटला मागे घेतला. तेव्हा मध्य भारत नकाशावरून जाण्याच्याच बेतात होता.

मी रामबागेत परत आलो तेव्हा निव्वळ पत्रा उरलो होतो. द्वारकाबाईंनी नवा पॅड आणला, घट्ट झाकणाचा, आणि मला मात्र टेबलावरच ठेवले, बोटे वाजवायला.

एका दुपारी दौलतराव आले. हिशेब तपासायला नव्हे. त्यांनी जुनी वही मागितली, चौदाचे पान काढले, खिशातून तांबडी शाई काढली. आपल्या जुन्या शेऱ्यावर सरळ रेघ मारली, बाजूला तारीख घातली, कारण चूक दुरुस्त करतानाही रीत सोडायची नाही, आणि खाली लिहिले, 'शोध केला नव्हता. आढळली. घरातच.' मग देपालपूरच्या भाड्याचे एक रुपया दोन आणे मोजून टेबलावर ठेवले.

"हे कशाचे?" द्वारकाबाईंनी विचारले.

"त्या फेरीची गरज नव्हती."

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या पॅडचे झाकण लावत जा. शाई उडायला वेळ लागत नाही. आणि आज घरी गेलात की आजीला, काकूला विचारा, तुझे पहिले नाव काय होते? ती थोडी थांबेल. घाई करू नका. ती सांगेल ते शाईने लिहून ठेवा, आणि तिला त्या नावाने एकदा हाक मारा.